पाय पुढे करणं

पपांच्या पायाला जखम झाली ती नव्या बुटांनी. नाताळाला धाकट्या भावाने पुण्याहून आणलेले काळे, चकचकीत बूट. जानेवारीत एका लग्नाला ते घालून पपा चार तास उभे होते. घरी येऊन मोजा काढायला गेले तर तो करंगळीपाशी रक्ताने चिकटलेला. दुखलं कसं नाही, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "काहीच कळलं नाही गं." बावीस वर्षांचा मधुमेह, पावलांची जाणीव केव्हाच गेलेली. बघता बघता फोडाचा खड्डा झाला, करंगळी काळवंडायला लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बोट वाचवायचं असेल तर रोज ड्रेसिंग हवं, पाय जमिनीला टेकवायचा नाही आणि साखर आटोक्यात ठेवायची.

इंदूरच्या गर्दीतून रोज रिक्षाने नेणं-आणणं जमण्यातलं नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एका ड्रेसरचा नंबर दिला. "घरी येऊन करतो, हात हलका आहे त्याचा," म्हणाल्या.

तो संध्याकाळी सातला आला. चोवीस-पंचविशीचा, अंगाने बारीक, पाठीवर सॅक. दाराबाहेर चपला काढून, नळावर कोपरापर्यंत हात धुऊन आत आला. झाबुआकडचा भिल्ल. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं लहानसं पदक होतं, त्यावर मरियेची आकृती. पपांची नजर आधी त्या पदकावर गेली.

"रोमन आहे?" त्यांनी मला मराठीत विचारलं, म्हणजे रोमन कॅथलिक आहे का, त्याच्यासमोरच. मग त्याला हिंदीत, "कौन से चर्च के हो?"

त्याने सांगितलं. पपांनी मान हलवली आणि पांघरूण पायावर ओढून घेतलं. "बेबी, तू कर. तो सांगेल तसं तू कर."

मला पपांचा तो हात अजून दिसतो, पांघरुणाची कड घट्ट धरलेला.

पपा कोण हे सांगितल्याशिवाय त्या हाताचा अर्थ लागणार नाही. आमचं घराणं मूळ नगरकडचं. पणजोबा मिशनच्या शाळेत शिकवायला म्हणून होळकरांच्या इंदुरात आले आणि इथेच राहिले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या, लोकांनी १८७७ सालापासून इथे काम मांडलं होतं. शाळा, दवाखाने, मुलींचं वसतिगृह. आजी त्यांच्याच बायकांच्या दवाखान्यात नर्स होती. पपा शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तीस वर्षं वडील होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्यात वडील म्हणजे बाप नव्हे, मंडळीचा कारभार पाहणारा निवडलेला माणूस. पवित्र शास्त्र त्यांना तोंडपाठ. कोणी एखादं वचन चुकीचं म्हटलं की मागच्या बाकावरून दुरुस्ती यायची. प्रामाणिक इतके की मंडळीच्या पैशांतून पोस्टाचं तिकीटही कधी घेतलं नाही. आणि तेवढेच ताठ. माझ्या चुलतबहिणीने कॅथलिक मुलाशी लग्न केलं तेव्हा सबंध मिस्साभर, म्हणजे त्यांची उपासना चालू असेपर्यंत, पपा लाल चर्चच्या आवारात उन्हात उभे राहिले. आत आले नाहीत. जेवायला मात्र आले, कारण "मुलीचा काय दोष?"

इंदूरकरांना लाल चर्च आणि व्हाइट चर्च ही दोन्ही नावं पत्ता सांगायला लागतात. लाल ते कॅथलिकांचं. व्हाइट ते पूर्वी रेसिडेन्सीतल्या साहेब लोकांचं, अँग्लिकन. आमचं तिसरंच. लहानपणी मला वाटायचं की जसे साड्यांचे रंग तसे देवळांचे. हे वेगळेपण माणसांनी किती मनाला लावून घेतलं आहे, ते मोठेपणी कळलं.

त्यातली एक भिंत पपांच्या डोळ्यांदेखत पडली होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या एक झाल्या आणि उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, उभी राहिली. अँग्लिकन होते, आमची प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल होती, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. अमेरिकन मेथडिस्टांच्या शाखेतून आलेली मोठी मंडळी अगदी दाराशी येऊन थांबली. ही बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली होती. ४१ वर्षं! तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करायचा की जाणत्या वयात आलेल्याचा, बिशप हवा की नको, प्रभुभोजन, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाचा विधी, कोणी द्यायचं, याचा काथ्याकूट ४१ वर्षं चालला. शेवटी दोन्ही बाप्तिस्मे मान्य करून लोक एका छताखाली आले.

आजोबा तो सोहळा पाहायला नागपूरला गेले होते. बाकी सगळं विसरले तरी त्यातला एक विधी ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. सेवकवर्गाच्या एकीकरणाचा. वेगवेगळ्या परंपरांच्या पाळकांनी आणि बिशपांनी इतरांचे हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतले. ज्याला कोणाला जे उणं असेल ते देवाने जाणावं आणि त्याने भरून द्यावं, असा त्या प्रार्थनेचा भाव. "बिशपसुद्धा!" आजोबा बोट वर करून म्हणायचे. "बिशपसुद्धा दुसऱ्याच्या हाताखाली आला." लहानपणी मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं, ४१ वर्षांच्या सगळ्या कागदांचं वजन त्या एका क्षणावर होतं. प्रत्येकाने मान्य केलं की माझ्यात काहीतरी कमी आहे आणि ते तुझ्या हातून मला मिळू शकतं.

सीएनआयच्या ब्रीदात तीन शब्द आहेत. एकता, साक्ष, सेवा. आमच्या घरी ते चिन्ह एका कॅलेंडरवर होतं, क्रूस आणि कमळ. पपांना त्यातला तिसरा शब्द फार आवडायचा. मलाही. आणि आता मला जे सांगायचं आहे ते त्या तिसऱ्या शब्दाबद्दलच आहे.

आमचं महिला मंडळ बरीच वर्षं दर रविवारी उपासनेनंतर एका मोठ्या सरकारी दवाखान्याबाहेर खिचडी वाटायचं. पेशंटचे नातेवाईक धार, खरगोन, झाबुआ, कुठून कुठून आलेले असतात. पेशंट आत, आणि हे फुटपाथवर चादर टाकून. खिचडी, लोणचं, उन्हाळ्यात ताक. मी त्या कामात मनापासून होते, पहाटे चारला उठून तांदूळ निवडायचे. मग रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्या एका मंडळीचे लोक यायला लागले. त्यांचीही खिचडी. त्यांचा बॅनर आमच्यापेक्षा मोठा. पुढच्या महिन्यात आम्हीही मोठा बॅनर केला.

एका रविवारी आमचा सिलिंडर मध्येच संपला. रांगेत साठ-सत्तर माणसं. पलीकडून त्यांच्यातली एक मुलगी धावत आली, म्हणाली, "आंटी, हमारे पास बहुत है, आधा भगोना ले लो." मी म्हटलं, "नको, आमचं येतंच आहे." आमचं यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ माणसं उन्हात ताटकळली. कडेवर पोर घेतलेली एक बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

मी तिला उभं ठेवलं होतं. मंडळीच्या नियमांनी नाही, बिशपांच्या आदेशाने नाही, मी. आमच्या रांगेतल्या माणसाच्या ताटात त्यांची खिचडी पडलेली मला चालणार नव्हती. सेवा करायला मी पहाटे चारला उठत होते, पण त्यांच्याकडून अर्धं पातेलं घ्यायला मला जमलं नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांची एकी कुठे अडते याचा विचार करते तेव्हा मला धर्मशास्त्राचे जाड ग्रंथ आठवत नाहीत, ते अर्धं पातेलं आठवतं.

पपा पाय लपवत होते ते दहा-बारा दिवस. ड्रेसर यायचा, खाली पाटावर बसायचा, मला सांगायचा, मी करायचे. माझा हात जड. पट्टी सैल व्हायची, नाहीतर आवळायची. एकदा चिकटलेला गॉझ मी तसाच ओढला आणि ताजं रक्त आलं. पपांना दुखलं नाही, त्यांना दुखतच नाही, पण त्यांनी रक्त पाहिलं. ड्रेसर काही बोलला नाही. सलाईनच्या बाटलीचं टोक कापून त्याने थेंब थेंब गॉझवर सोडले, गॉझ आपोआप सुटेपर्यंत वाट पाहिली. दोन मिनिटं लागली असतील. त्या दोन मिनिटांत खोलीत कोणी बोललं नाही. मग पपांनी पांघरूण स्वतः बाजूला केलं आणि पाय पुढे केला. त्याच्याकडे न बघता.

त्या दिवसापासून तोच करायला लागला. त्याची एक पद्धत होती. कोमट पाणी मागायचा. आजीच्या वेळची मिशन दवाखान्यातली एनॅमलची चिलमची आमच्याकडे आहे, पांढरी, निळ्या कडेची, दोन ठिकाणी टवके उडालेली. त्यात जखमेचा भाग सोडून बाकीचं पाऊल धुवायचा. टाचेच्या भेगांतून बोट फिरवायचा, बोटांच्या बेचक्यांतून कापूस. मग जुन्या मऊ टॉवेलने टिपून कोरडं करायचा, घासायचा नाही. मग सलाईन, बीटाडीन, गॉझ, पट्टी. शेवटी पट्टीच्या वर दोन बोटं ठेवून बघायचा की फार आवळली तर नाही. सगळं मिळून वीस मिनिटं. पहिले काही दिवस पपा त्या वीस मिनिटांत छताकडे बघत राहायचे.

योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय आम्ही किती वेळा ऐकला असेल. भोजनावरून उठून येशूने अंगावरचं वस्त्र काढून ठेवलं, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. या उताऱ्यावरचे उपदेश नेहमी एकाच बाजूने होतात, आपणही असे दुसऱ्यांचे पाय धुवावेत. बरोबरच आहे, त्याने तसं सांगितलंच आहे. पण त्या प्रसंगात खरा खोळंबा कोणी केला? पेत्राने. तो धुवायला नाही म्हणाला नव्हता. धुवून घ्यायला नाही म्हणाला होता. माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत! आणि येशूचं उत्तर कठोर आहे. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.

आणि रात्र तीच आहे. चार अध्याय पुढे, त्याच रात्री, त्याने ती प्रार्थना केली जी जगभरच्या एकतेच्या सभांमध्ये वाचली जाते, त्या सर्वांनी एक व्हावं म्हणून. लूक तर सांगतो की त्याच भोजनाच्या वेळी शिष्यांचा आपसात वाद झाला होता, आपल्यात मोठा कोण यावरून. म्हणजे वाद, मग पाणी आणि रुमाल, मग प्रार्थना. आपण मधलं वगळून थेट प्रार्थनेवर येतो. पौलाचंही तसंच. इफिसकरांच्या पत्रातलं "एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा" प्रत्येक मंडळीच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. ते चौथ्या अध्यायाचं पाचवं वचन. त्याच्या आधी दुसऱ्या वचनात नम्रता, सौम्यता, सहनशीलता आणि एकमेकांना सांभाळून घेणं आलेलं आहे. ते मी अजून कुठल्या भिंतीवर पाहिलेलं नाही.

आमच्या शहरात दर जानेवारीत, १८ ते २५ तारखेच्या प्रार्थना-सप्ताहात, एक संयुक्त सभा होते. १९०८ पासून जगभर चालत आलेला हा सप्ताह आहे. पपा वडील असताना मी त्यांच्याबरोबर एक-दोनदा तयारीच्या बैठकीला गेले होते. पत्रिकेवर कोणाचं नाव आधी, कोणाचे पाळक समाप्तीची प्रार्थना करणार, गायनवृंद कोणाचा, यात दीड तास गेला. कोणी वाईट नव्हतं. सगळे आपापल्या मंडळीचा मान राखत होते.

त्यातलं २०१३ चं वर्ष मात्र मला लख्ख आठवतं, कारण त्या वर्षीचं साहित्य भारतात तयार झालेलं होतं, इथल्या विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीने केलेलं, आणि ते जगभर वाचलं गेलं. मीखा संदेष्ट्याचा सहावा अध्याय घेतला होता. देव माणसाकडे काय मागतो? न्यायाने वागणं, दयेची आवड, आणि आपल्या देवाबरोबर नम्रपणे चालणं. त्यांनी तो उतारा दलित ख्रिस्ती लोकांच्या संदर्भात मांडला होता. मंडळीच्या आतली जात तशीच ठेवून मंडळ्यांची एकी होणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ. मी तो वाचला, मान डोलावली, आणि घरी आले.

आता कपबशीचं सांगते, कारण ते न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. तो ड्रेसर येऊ लागल्यावर पहिल्या दिवसापासून मी त्याला चहा देत होते. स्टीलच्या पेल्यात. आमच्याकडे पाहुण्यांसाठी काचेच्या कपबशा आहेत, आमचे रोजचे मग आहेत, आणि प्लंबर, गॅसवाला यांच्यासाठी एक स्टीलचा पेला आहे. हे कोणी ठरवलं नाही. आईच्या वेळेपासून आहे. आम्ही म्हणायचो की आमच्यात जात नाही, प्रभूमध्ये सगळे एक. पेला मात्र वेगळा होता, सिंकच्या कडेला उपडा. तो भिल्ल होता, रोमन होता आणि कामाला आलेला होता, यातल्या नेमक्या कशामुळे माझा हात त्या पेल्याकडे गेला ते मला आजही सांगता येणार नाही. तिन्ही असेल.

१९१९ च्या मे महिन्यात तमिळनाडूत तरंगमबाडीला ३३ माणसं जमली होती, दोघे सोडले तर सगळे भारतीय. त्यात अझरिया होते, पुढाकार त्यांचाच, इंग्रजांच्या मंडळीतले पहिले भारतीय बिशप. त्यांनी जाहीर केलं की आमच्यातले हे पंथभेद आमचे नाहीत, बाहेरून आमच्यावर लादलेले आहेत आणि त्यांनी आम्ही दुबळे झालो आहोत. तिथूनच पुढे १९४७ मध्ये दक्षिण भारताची मंडळी झाली. पपा ही गोष्ट अभिमानाने सांगायचे, आणि सांगावीच अशी आहे. त्याच महिन्यात, ९ मेला, मुंबईत रेव्हरंड टिळक गेले. नारायण वामन टिळक, ज्यांची भजनं आमच्या प्रत्येक मराठी मंडळीत म्हटली जातात, मग बोर्ड कुठलाही असो. जाण्यापूर्वी दोन वर्षं त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार मांडला होता. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, येशूच्या मागे जाऊ पाहणाऱ्या कोणालाही तिथे जागा होती. टिळकांना हे बळ कुठून मिळालं असेल? मला वाटतं, ते ज्या मातीतले होते तिथे वारीत माणसं भेटली की दोघेही वाकतात. वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. इंदुरातही पंढरीनाथाच्या देवळापाशी आषाढीला हे मी पाहिलं आहे. आधी कोण वाकलं ते कळतच नाही. आम्ही मराठी ख्रिस्ती लोकांनी ही एक रीत घरी आणली असती तर!

पंथभेद बाहेरून आले, हे अझरियांचं म्हणणं खरं आहे. पण स्टीलचा पेला कॅनडाहून आला नव्हता.

पोप सहावे पॉल यांच्याबद्दलची एक गोष्ट मी अलीकडे वाचली आणि ती मनातून जात नाही. १४ डिसेंबर १९७५. रोममधल्या सिस्टीन चॅपेलमध्ये मिस्सा होती. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी आणि रोम यांनी १०५४ सालचे परस्परांवरचे बहिष्कार मागे घेतले, त्याला दहा वर्षं झाली म्हणून. कॉन्स्टँटिनोपलहून तिकडचे वरिष्ठ धर्माधिकारी, मेट्रोपोलिटन मेलिटन, आले होते. मिस्सा झाल्यावर पोप अंगावरच्या वस्त्रांसकट मेलिटन यांच्यापुढे आले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या पायांचं चुंबन घेतलं. कोणाला कल्पना नव्हती. याचा अर्थ कळायला आणखी मागे जावं लागतं. १४३८ मध्ये फेरारा इथे दोन्ही मंडळ्यांच्या एकीसाठी मोठी परिषद भरली, तेव्हा रिवाजाप्रमाणे पोपच्या पायाचं चुंबन घ्यायला कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कांनी, म्हणजे तिथल्या ऑर्थोडॉक्स प्रमुखांनी, नकार दिला होता. पाचशेहून जास्त वर्षांनी जागा उलट झाल्या, वाकणारा बदलला. सगळे पोपच्या नम्रतेचं कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण मी मेलिटन यांचा विचार करते. त्या क्षणी त्यांना काय वाटलं असेल? हजार वर्षं ज्यांच्याशी भांडण, त्यांचा प्रमुख आपल्या पायाशी, आणि आपण उभे. मला वाटतं, तिथे उभं राहणं वाकण्याहून सोपं नसणार.

घरी मात्र गोष्टी हळूहळूच होत होत्या. पपा छताकडून भिंतीकडे, भिंतीवरून त्याच्या हातांकडे बघायला लागले. मग बोलायला लागले. त्याच्या मोबाइलच्या कव्हरमागे एका सिस्टरचा फोटो होता. पपांनी ओळखलं. सिस्टर राणी मारिया. उदयनगरला आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करायच्या, त्यांना सावकारांच्या तावडीतून सोडवायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येताना बसमध्येच त्यांना भोसकून मारलं. केरळच्या होत्या. मारणारा तुरुंगात असताना त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, जाऊन त्याला राखी बांधली. सुटल्यावर तो केरळला त्यांच्या आईला भेटायला गेला तेव्हा आईने त्याचे हात चुंबले. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, तेव्हा ड्रेसरची आई गावातल्या बायकांबरोबर इथे आली होती.

तो गेल्यावर पपा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पंच्याण्णवला त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवली होती. आम्हाला बोलावणं होतं. मी गेलो नाही." का, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी तो सातला आला नाही. आठ झाले, नऊ झाले. पपा चिडले नाहीत, पण दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होते. साडेनऊला तो आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस विंचरलेले. माफी मागितली. त्यांच्या चर्चमध्ये त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात, त्या बारांत या वर्षी त्याचं नाव होतं. आमच्याकडे हा विधी नाही. आम्ही त्या दिवशी प्रभुभोजन घेतो आणि तो अध्याय वाचतो.

चिलमचीत पाणी ओतत असताना पपांनी त्याला विचारलं, "कैसा लगा?"

तो थोडा लाजला. म्हणाला, "शरम आई, बाबूजी. मैं तो घर से ही घिस के ले गया था." दुपारी त्याने दगडाने टाचा घासल्या होत्या, साबण लावून दोनदा पाय धुतले होते, रूममेटच्या नव्या चपला मागून घातल्या होत्या. तरी फादरने पाय हातात घेतल्यावर त्याला तो ओढून घ्यावासा वाटला. त्याच्या टाचांना शेतातल्या भेगा होत्या, त्या काही जात नाहीत. फादर एवढे शिकलेले, आणि त्यांनी पाय पुसून त्यावर ओठ टेकवले.

"हां," पपा म्हणाले. "शरम आती है."

मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. पपा पाहत होते, तो धूत होता. पट्टी झाल्यावर पपांनी त्याला प्रार्थना करायला सांगितलं. आमच्या घरात प्रार्थना पपा करतात. पाळकसाहेब आले तर ते. त्या रात्री एका चोवीस वर्षांच्या रोमन मुलाने आमच्या बैठकीच्या खोलीत उभं राहून हिंदीत प्रार्थना केली, मरियेचं नावही घेतलं, आणि पपांनी शेवटी आमेन म्हटलं. त्या दिवशी मी चहा कपबशीतून दिला. तो पेला मी दुसऱ्या दिवशी कपाटात आतल्या बाजूला ठेवला, मग काही दिवसांनी बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायला काढला.

पपांची मतं बदलली असं मी म्हणणार नाही. पोपबद्दल, मरियेबद्दल, भाकरी-द्राक्षारसाबद्दल त्यांचं जे होतं तेच आहे. ते तसं असायला माझी हरकत नाही, त्यांनी आयुष्यभर वचन वाचून ते मिळवलेलं आहे. ही भांडणं खोटी नाहीत, आणि ती मिटवायला जाणती माणसं बसलेली आहेत. लुथरन आणि कॅथलिक यांनी ज्या मुद्द्यावरून एकमेकांना शाप दिले होते, माणूस नीतिमान कसा ठरतो त्या मुद्द्यावर १९९९ साली एकत्र सही केलीच की. चर्चा चालू राहावी. पण चर्चेला बसणाऱ्या माणसाने कधीतरी समोरच्याच्या हातात आपला पाय दिलेला असावा, असं मला वाटतं. खिचडीचं मात्र आम्ही मार्गी लावलं. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि त्या मुलीला म्हटलं, येत्या रविवारी आमच्याकडे तांदूळ कमी आहे, तू देशील का? कमी नव्हता. मागायचा होता.

करंगळी वाचली नाही. मे महिन्यात तेवढं बोट काढावं लागलं, पाय मात्र राहिला. जुलैत जखम पूर्ण भरली. डॉक्टरांनी एमसीआर चप्पल लिहून दिली, मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली. त्या दिवशी ड्रेसर शेवटची पट्टी काढायला आला. खालची कातडी गुलाबी, पातळ, लहान मुलाच्या गालासारखी. त्याने तिच्यावरून एकदा बोट फिरवलं, सॅक आवरली. पैसे घेताना दोन्ही हात पुढे केले.

पपा काठी घेऊन त्याच्यामागून दारापर्यंत गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बाहेर पाऊस पडून गेला होता, त्याच्या चपला ओल्या आणि अस्ताव्यस्त, एक पालथी. तो मोबाइलवर पुढच्या घरचा पत्ता विचारत उंबऱ्यातच उभा होता. पपांनी काठी भिंतीला टेकवली, एका हाताने दाराची चौकट धरली आणि खाली वाकले. मला वाटलं तोल गेला, मी पुढे झाले. त्यांनी पालथी चप्पल सुलटी केली, दोन्ही जवळ लावल्या, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवल्या.

त्याच्या लक्षातही आलं नाही. "हां हां, व्हाइट चर्च के आगे, समझ गया," म्हणत त्याने त्यांत पाय सरकवले आणि जिना उतरून गेला.